किल्पेकचं चर्च, खिद्रापूरचा कोपेश्वर आणि आपल्याकडचे जीर्णोद्धार

ओसरी | रविवार, रात्री ९.१२

इंग्लंडला जाऊन आलेला माणूस वेस्टमिन्स्टर नाहीतर कँटरबरीचे फोटो दाखवतो. मी एका खेड्यातल्या चर्चबद्दल लिहितेय. गाव किल्पेक, हेरफर्डशरमधलं, वेल्सच्या सीमेजवळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या आवारात असली दोन-तीन चर्चं सहज मावतील, एवढंच आहे ते. पण त्याच्या दक्षिण दारापुढे उभं राहिलं की खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ आठवल्याशिवाय राहत नाही. शतकही तेच, बारावं.

आधी इतिहास उरकते. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि जमिनी आपल्या सरदारांत वाटल्या. किल्पेक विल्यम फिट्झ नॉर्मनकडे आलं. राजानं १०८६ मध्ये सगळ्या मुलखाची जमीनपाहणी करवली, त्या डूम्सडे बुकात तशी नोंद आहे. इथं मातीचं टेकाड रचून गढी झाली, तिच्या पडक्या भिंती चर्चच्या पश्चिमेला अजून उभ्या आहेत. या सरदाराचा मुलगा ह्यू यानं ११३४ मध्ये गावचं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दान दिलं. आज दिसते ती इमारत ११४० च्या सुमाराची. तेव्हा आपल्याकडे शिलाहारांचं राज्य होतं आणि पन्हाळ्याचा दुसरा भोज अजून यायचा होता.

रचना एकदम सोपी. पश्चिमेला लोकांसाठी लांबट दालन, मग धर्मगुरूची जागा, मग पूर्वेला अर्धगोल गाभारा. सभामंडप, अंतराळ, गर्भगृह म्हणा हवं तर. उंच मनोरा नाही, आडव्या बाजू काढलेल्या नाहीत. दगड तिथलाच तांबडा वालुकाश्म, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. आपला काळा पाषाण त्याच्यापुढे पोरगा, साडेसहा कोटींचा.

आणि मग ते दार. वरच्या अर्धचंद्रात एकच वेल, द्राक्षांचे घोस लगडलेली. त्याच्याभोवती कमानीत चोचवाली मुंडकी, शेपूट तोंडात धरलेले प्राणी, पक्षी. बाजूच्या खांबांवर साप एकमेकांत गुंतत वर चढलेत. एका खांबावर वेलींच्या जाळ्यात दोन लढवय्ये, अंगात सैलसर विजारी. आत मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांना तीन तीन संत एकाच्या डोक्यावर एक असे उभे. पश्चिमेच्या कोपऱ्यांवर ड्रॅगनची मुंडकी भिंतीतून बाहेर आलीत, जबडा उघडा, जीभ वळलेली. ही वळणं उत्तरेकडच्या व्हायकिंग लाकूडकामातली, संतांची मांडणी स्पेनच्या सांतियागो यात्रेच्या वाटेवरची, आणि विजारवाले बहुतेक शेजारचे वेल्श. एका खेड्याच्या दारात तीन मुलूख.

आता माझं म्हणणं. याच कारागिरांच्या हातचं दुसरं चर्च जवळच शॉब्डन गावात होतं. ते बांधणारा ऑलिव्हर द मर्लिमाँड स्वतः सांतियागोची यात्रा करून आलेला. कोरीवकाम किल्पेकच्या तोडीचं. अठराव्या शतकात तिथल्या जमीनदाराला नव्या फॅशनचं चर्च हवं झालं. १७५० च्या आसपास जुनं पाडलं, नवं पांढरंशुभ्र, नाजूक नक्षीचं बांधलं, आणि जुन्या कोरीव कमानी टेकडीवर शोभेला उभ्या केल्या. डोक्यावर छप्पर नाही. अडीचशे वर्षांच्या पावसानं त्या इतक्या झिजल्यात की आकृती ओळखताना अंदाज बांधावा लागतो. किल्पेकला असा पैसेवाला भक्त मिळाला नाही, म्हणून ते आहे.

आपल्याकडे गावोगावी जे जीर्णोद्धार चाललेत, त्यावर हे लागू पडतं असं मला वाटतं. तुम्ही बोला.


तांबडा पांढरा | रविवार, रात्री ९.४०

ताई, फोटो लई भारी. नाद खुळा दार आहे. पण तिसऱ्या फोटोत छपराखाली जी बाई बसलीय, ती जरा जास्तच मोकळेपणानं बसलीय. चर्चवर? मी फोन आईसमोर उघडला होता, एवढंच सांगतो.


ओसरी | रविवार, रात्री १०.०५

आईंना सांगा, तिचं नाव शीला-ना-गिग (अंग उघडं टाकून बसलेल्या अशा दगडी बायकांना हेच म्हणतात) आणि ती किल्पेकची सगळ्यात प्रसिद्ध बाई आहे.

छपराच्या कडेखाली चर्चला वळसा घालून दगडी हस्त आहेत, आपल्या वाड्यांच्या सज्जाखाली लाकडी असतात तसे. काम छपराची कड तोलायचं, पण प्रत्येकाला चेहरा दिलाय. मुळात ९१ होते, ८५ शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा गालाला गाल लावून बसलेत. एक सारंगीसारखं वाद्य वाजवतोय, दोघं मिठीत आहेत (की कुस्तीत, कोल्हापूरकरांनी ठरवावं), एक क्रूस घेतलेलं कोकरू आहे, म्हणजे येशूचं प्रतीक. यात क्रम नाही, कथा नाही. पवित्र कोकरू आणि ही बाई एकाच रांगेत.

ती तिथं का, यावर दोन बाजू आहेत. एक म्हणते वासनेपासून सावध राहा असा इशारा. दुसरी म्हणते दृष्ट लागू नये म्हणून, किंवा सुफलतेसाठी. १८४२ मध्ये एका चित्रकारानं चर्चची रेखाटनं छापली, त्यात तिला चक्क वेडा विदूषक करून टाकलं, छाती फाडून हृदय दाखवणारा. व्हिक्टोरियन काळ! दगडातल्या बाईनं सातशे वर्षं काही बिघडवलं नव्हतं, कागदावर मात्र तिला पुरुष व्हावं लागलं.


कुरुंदवाडचा | रविवार, रात्री १०.५१

खिद्रापूर आमच्या हाकेच्या अंतरावर, म्हणून लिहितो. तुलना आवडली, पण गरिबीचा मुद्दा कोपेश्वराला बसत नाही. ते राजाचं काम आहे, गावाचं नाही.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी, कोल्हापूरहून साठेक किलोमीटर. आमच्या भागात सगळी नदीची काळी माती, पाषाण निघतच नाही. एवढा काळा दगड सह्याद्रीकडून आणलेला. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, वर मधोमध गोल उघडं आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या गोलावर येतो तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. छत मुद्दाम उघडं ठेवलं की काम अपुरं राहिलं, यावर आमच्या कट्ट्यावर दर वर्षी वाद होतो. बाहेर पायाशी नव्वदच्या वर हत्तींनी अख्खं देऊळ पाठीवर घेतलंय, प्रत्येकावर स्वार. वर सुरसुंदरी, वादक, पंचतंत्रातल्या गोष्टी. तुमचा सारंगीवाला इथं आला असता तर त्याला भावकी भेटली असती.

गाभाऱ्यात दोन लिंगं, कोपेश्वर आणि धोपेश्वर. दक्षाच्या यज्ञात सतीचं झालं ते कळून शंकर कोपला, विष्णूनं त्याला शांत केलं, म्हणून दोघं; धोपेश्वर म्हणजे विष्णू. सती नंदीवर बसून गेली म्हणून इथं नंदी नाही, तो पलीकडे कर्नाटकात यडूरला. दक्षिण दारापाशी देवगिरीच्या सिंघण यादवाचा संस्कृत शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, देवळाला दान दिल्याचा. म्हणजे राज्य बदललं तरी खर्चाची सोय झाली.

आणि ते टिकलंय, पण कसं? बहुतेक मूर्तींचे चेहरे फोडलेले. २०१९ च्या महापुरात देवळात पाणी होतं. पुरातत्त्व खात्याचा फलक आहे म्हणून त्याला कुणी ग्रॅनाइट लावला नाही, हे मात्र मान्य.


निवृत्त मास्तर | सोमवार, सकाळी ७.२०

ओसरीताई, लेख उत्तम. पण गरिबीनं वास्तू वाचते हे अर्धं खरं. गरिबीनं वास्तू पडतेही. इंग्लंडात शेकडो गावं ओस पडली आणि त्यांची चर्चं दगडांच्या ढिगात गेली. किल्पेकचीही गढी पडली, जुनी वस्ती हलली, पण चर्चमध्ये उपासना थांबली नाही. छपराखाली माणसं बसत असली की गळती कळते. तिथं पैसा कमी होता, पण शून्य नव्हता. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

तो पैसा कुठून यायचा हे इतिहास शिकवताना मला फार आवडायचं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. त्या गावातल्या प्रत्येकानं पिकाचा, लोकरीचा, कोकरांचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. धान्य ठेवायला मोठाली कोठारं बांधत, त्यातली काही अजून उभी आहेत. आपल्या बलुतेदारीशी ताडून पाहा. गुरवाला सुगीला बलुतं मिळे, देवाला इनाम जमीन असे. फरक असा की आपला गुरव गावाच्या बारा बलुतेदारांतला एक. तिथला धर्मगुरू वरून नेमलेला, आणि नेमायचा हक्क जमीनदाराकडे किंवा मठाकडे. म्हणूनच ह्यूनं 'चर्च दान दिलं' याचा अर्थ दगडविटा दिल्या एवढाच नाही, उत्पन्नाचा हक्कही त्यात आला.

दुरुस्तीची वाटणीही गमतीशीर. लोक बसतात तो भाग लोकांनी सांभाळायचा, पुढचा वेदीकडचा भाग दशमांश घेणाऱ्यानं. पुढे सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजानं मठ बुडवले, त्यांच्या जमिनी खासगी लोकांकडे गेल्या, आणि जमिनीबरोबर वेदीकडच्या छपराची जबाबदारीही गेली. वॉरिकशरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावात एका जोडप्याला वारशानं शेत मिळालं आणि पाठोपाठ चर्चच्या दुरुस्तीसाठी सुमारे ९५ हजार पौंडांची मागणी आली. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००३ मध्ये निकाल चर्चच्या बाजूनं. शेवटी त्यांना शेत विकावं लागलं.


साईट इंजिनिअर | सोमवार, दुपारी १.३५

मास्तर, याच्यापुढे 'देवस्थान इनाम वर्ग ३' सातबाऱ्यावर दिसलं की पक्षकाराला तुमची पोस्ट दाखवतो.

बाकी मी थोडा उलटा बोलतो, राग नसावा. मी गावातली देवळं बांधतो. हो, तीच, आरसीसी शिखरवाली. जुनं देऊळ बांधलं तेव्हा गावात पन्नास उंबरे होते, आज पाचशे आहेत. जत्रेला बायका उन्हात उभ्या राहतात, पावसाळ्यात सप्ताह मांडवात करावा लागतो. मंडप गळतो, वाळवीनं तुळई खाल्लेली. लोक म्हणतात मोठं करा, त्यात त्यांचं काय चुकलं? इंग्लंडातल्या चर्चमध्ये रविवारी दहा म्हातारे येतात. त्यांना कोरीवकाम जपणं परवडतं. आमच्याकडे देव अजून नोकरीवर आहे.


पाळकाची लेक | सोमवार, रात्री ८.४८

शेवटचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण तिथलाही देव नोकरीवरच होता आणि त्याच्या नोकरीचं स्वरूप मधेच बदललं. ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

किल्पेक बांधलं तेव्हा उपासना लॅटिनमध्ये. लोक मागच्या दालनात बहुतेक उभेच, विधी पुढे वेदीपाशी. भिंती उघड्या दगडाच्या नव्हत्या. आत चुन्याचा गिलावा आणि त्यावर रंगीत चित्रं, न्यायाच्या दिवसाची, संतांची. मध्ययुगातलं गावचं चर्च आपल्या ग्रामदैवताइतकं रंगीबेरंगी असायचं. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, म्हणजे इंग्लंड पोपपासून तुटून प्रोटेस्टंट झालं. सहाव्या एडवर्डच्या काळात चित्रांवर सफेदी फिरली, दगडी वेद्या निघाल्या, त्या जागी लाकडी मेज आलं, भिंतीवर दहा आज्ञा लिहिल्या. पुढे १६४० च्या दशकात प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट लोकांनी उरल्यासुरल्या मूर्तींवर हातोडे चालवले. खिद्रापूरच्या फोडलेल्या चेहऱ्यांचं वाचलं म्हणून सांगते, तिकडं हे काम त्यांच्याच धर्मबांधवांनी केलं. किल्पेकचे हस्त यातून कसे सुटले? छपराखाली उंचावर, आणि संतांपेक्षा कुत्री-मांजरंच जास्त. मूर्तिपूजा कुणाची म्हणायची!

आमची मंडळी प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका परंपरेतली. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी-मिशनरी चळवळीचा मोठा पुढारी झाला. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च सगळ्यांना माहीत आहे. अशा परंपरेत वचन ऐकणं मुख्य, म्हणून व्यासपीठ सगळ्यांना दिसलं पाहिजे, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. किल्पेकसारखी एकामागे एक तीन दालनं आम्हाला अडचणीचीच. उपासना बदलली की भिंती हलतात. इंजिनिअरदादांचा मुद्दा त्या अर्थानं मला पटतो.

अजून एक. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. इमारत बघणाऱ्यांपेक्षा त्या वह्यांतून पणजोबा शोधणारे लोक या चर्चांचा पत्ता जास्त विचारतात.


निवृत्त मास्तर | सोमवार, रात्री ९.१५

वह्यांवरून आठवलं. आपल्याकडे हेळवी येतात, बैलावर चोपड्या लादून. आमच्या घराची वंशावळ त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. त्या चोपड्यांचं पुढे काय होणार याचा स्वतंत्र धागा कुणीतरी काढा.


ओसरी | मंगळवार, रात्री १०.३०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, लांबेल.

मास्तर, मान्य. 'गरिबी' म्हणण्यापेक्षा 'थोडका पण सततचा पैसा' म्हणू. कुरुंदवाडकर, राजा गेल्यावर एवढं देऊळ पाडून नवं बांधायची ऐपत आसपास कुणाकडे नव्हती, असं मी म्हणेन, पण हा मुद्दा ताणत नाही.

इंजिनिअरदादा, तुमच्याशी माझं भांडण नाहीच. इंग्लंडातल्या बहुतेक गावांनी तेच केलं जे तुमचे पक्षकार मागतात. वस्ती वाढली की उत्तरेची भिंत फोडून खांबांची रांग उभी करायची आणि बाजूला आणखी एक दालन जोडायचं. पुढच्या शतकात दक्षिणेची. लोकरीचा पैसा आला की मनोरा. म्हणून तिथल्या साध्यासुध्या चर्चमध्येही एक कमान बाराव्या शतकाची, शेजारची खिडकी चौदाव्याची आणि छप्पर पंधराव्याचं दिसतं. वाढवलं, पण आधीचं ठेवून त्याला जोडलं. शॉब्डनच्या जमीनदारानं मुळापासून काढलं. माझा राग त्या दुसऱ्या पद्धतीवर आहे.

व्हिक्टोरियन लोकांनी तर जपण्याच्या नावाखाली नुकसान केलं. जुना गिलावा म्हणजे घाण असं समजून खरवडून काढला, दगड उघडा पाडला, सांध्यांत नवा मसाला भरला. गिलाव्याबरोबर त्याखालची चित्रं गेली. याला चिडून विल्यम मॉरिस या कवी-कलाकारानं १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली. तिचं सांगणं साधं होतं: रोजची देखभाल करा, गळती वेळच्या वेळी थांबवा, आणि जुन्याची नक्कल करून नवं जुनं म्हणून खपवू नका. किल्पेकचीही डागडुजी १८४० च्या दशकात कॉटिंगहॅम नावाच्या वास्तुविशारदानं केली. त्यानं हात राखून काम केलं, हे नशीब.

आज तिथं चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६ हजार चर्चं आहेत. कुठल्याही पॅरिशला परवानगीशिवाय बाक हलवता येत नाही, फरशी बदलता येत नाही. परवानगी देणारा चर्चचाच न्यायाधीश असतो. १९५५ च्या कायद्यानं दर पाच वर्षांनी वास्तुविशारदानं इमारत बघून लेखी अहवाल द्यायचा: पन्हळी तुंबलीत का, कुठली कौलं सरकलीत, भिंत कुठं ओल धरते. अहवाल वाचायला कंटाळवाणे असतात. मला ते कोरीव दारापेक्षा जास्त आवडले. आपल्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे तीन हजारांवर देवळं आहेत. त्यातल्या पाचशेंचा जरी पंचवार्षिक अहवाल होऊ लागला तरी निम्मे जीर्णोद्धार लागणारच नाहीत.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. अंबाबाईच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड बुजवून वर बाग केली होती, ते पुन्हा उकरलंच ना. आणि किरणोत्सवाच्या वेळी, नोव्हेंबरच्या ९ ते ११ ला आणि जानेवारीअखेरीस, मावळतीच्या किरणांची वाट कुठल्या इमारतीनं अडवली यावर अख्खं शहर बोलतं. दिशा, उजेड, दगड यांची लोकांना पर्वा आहे.


आजरा घनसाळ | बुधवार, सकाळी ११.०२

मी इथं नुसतं वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. विषय आमच्या दारात आलाय म्हणून.

आमच्या गावचं ग्रामदैवत. गाभारा काळ्या दगडाचा, चुना न वापरता बसवलेला, लोक हेमाडपंती म्हणतात. पुढे लाकडी खांबांचा मंडप, वर मंगलोरी कौलं. मधल्या काळात कुणीतरी गाभाऱ्याला बाहेरून ऑइलपेंट मारला, आधी पिवळा, मग गुलाबी. गेल्या पावसाळ्यात आत पाणी ठिबकायला लागलं. मुंबई मंडळानं पैसे जमवलेत आणि शनिवारी गावसभा आहे. ठराव असा: सगळं उतरवायचं, आरसीसी मंडप, गाभाऱ्याला ग्रॅनाइट, नवं शिखर. मुंबईकरांचा जीव देवावर आहे, त्यांना वाईट म्हणता येत नाही. मी उठून काय बोलू? "किल्पेक" म्हणालो तर मारतील.


साईट इंजिनिअर | बुधवार, दुपारी २.१०

दादा, किल्पेक नका म्हणू, खर्च म्हणा. सभेत तोच ऐकला जातो.

पहिला प्रश्न विचारा: पाणी येतंय कुठून? गाभाऱ्यावर पिंपळ उगवलाय का? आधी कुणी वर सिमेंटचा कोबा केलाय का? मी सांगतो, आहे. आजऱ्याच्या पावसात कोब्याला चीर पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. ग्रॅनाइट लावला तर ते पाणी ग्रॅनाइटच्या मागे बसणार, दोन पावसाळ्यांत फरशा सुटणार.

मंडप वाढवायचाच असेल तर वाढवा, पण नवीन मंडपाला स्वतःचे खांब, स्वतःचा पाया, आणि जुन्या गाभाऱ्यापासून बोटभर फट. दोन्ही एकमेकांना बांधले की नवं खचताना जुन्याला ओढतं. हे मी ठेकेदार म्हणून सांगतोय, ओसरीताईंचा चेला म्हणून नाही.


ओसरी | बुधवार, रात्री ९.५५

दादांनी निम्मं काम केलं. बाकीचं:

देवळाभोवती पेव्हर ब्लॉक घातलेत का बघा, आणि घालताना जमीन उंच झाली का. इंग्लंडातल्या चर्चभोवती शेकडो वर्षं दफनं होऊन जमीन वर आली आणि भिंती ओल शोषायला लागल्या. उपाय काय, तर भिंतीलगत चर खणून पाण्याला वाट दिली. आपल्याकडे तीच ओल आपण पंधरा दिवसांत ब्लॉक टाकून विकत घेतो. जोत्यावरचे थर मोजा, एखादा पुरला गेला असेल.

रंग काढायला वाळूचा मारा, तारेचा ब्रश, तेजाब यातलं काहीही नको. पृष्ठभाग गेला की कोरीवकाम गेलं. लेप लावून किंवा वाफेनं, जाणकार माणसाकडून, सावकाश. पैसे कमी असतील तर रंग तसाच राहू दे, तो घाईचा नाही. गळती घाईची आहे.

वरचा कोबा हलक्या हातानं काढून चुन्याचा करा. आपल्या जुन्या गवंड्यांचा घाणीचा चुना: भिजवून मुरवलेला, दगडी चाकाखाली मळलेला, गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घातलेला. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतोही. सिमेंट ती कोंडून ठेवतं. किल्पेकच्या वालुकाश्माला हे जेवढं लागू, तेवढंच आपल्या काळ्या दगडाच्या सांध्यांना.

आणि काही हलवायच्या आधी फोटो आणि मापं. दगड उतरवावाच लागला तर त्यावर खडूनं आकडा. आवारात पडलेल्या वीरगळांना, सतीशिळांना धक्का नको. त्या पायात टाकल्याचं मी बघितलंय.


कुरुंदवाडचा | बुधवार, रात्री १०.२०

सभेत बसणाऱ्या चार जणांना आधी खिद्रापूरला आणा. फलक नका दाखवू, गाईड नको. नुसतं गोल शिळेवर उभं करून वर बघायला लावा. जेवायची सोय माझ्याकडे.


तांबडा पांढरा | बुधवार, रात्री १०.२४

जेवायला काय आहे ते कळलं तर आम्ही पण सभेतलेच.


आजरा घनसाळ | रविवार, सायंकाळी ६.४०

सभा झाली. तीन तास चालली, दोनदा मोडायला आली.

वर चढून बघितलं, कोबा होता आणि पिंपळही होता. इंजिनिअरदादांचा अंदाज बरोबर निघाल्यावर लोक जरा ऐकायला लागले. मुंबई मंडळाचा शिखराचा हट्ट सुटला नाही. त्यांचं म्हणणं, शिखर नसलेल्या देवळाचा फोटो पत्रिकेवर काय छापायचा. शेवटी असं ठरलं: गाभाऱ्याला हात लावायचा नाही, आधी कोबा काढून चुना. मंडप लाकडीच ठेवून वाळवी लागलेल्या दोन तुळया बदलायच्या. त्याच्यापुढे फट सोडून सप्ताहासाठी वेगळी आरसीसी शेड, आणि शिखर हवंच असेल तर त्या शेडच्या दारावर कमानीत. ओसरीताईंना हे आवडणार नाही, पण पुन्हा गुलाबी रंग मारायचा ठराव हाणून पाडला, तेवढं पदरात घ्या. वीरगळ दोन निघाले, त्यातला एक न्हाणीच्या दगडाखाली.

आता खरी अडचण: घाणीचा चुना करणारा गवंडी कुठं मिळेल? आजरा, गडहिंग्लज, चंदगड पट्ट्यात कुणाला माहीत असेल तर सांगा. दसऱ्यानंतर काम सुरू करायचंय.


साईट इंजिनिअर | रविवार, रात्री ८.१५

गडहिंग्लजकडे एक म्हातारे गवंडी आहेत, हात अजून चालतो. पण घाण फिरवायला बैल नाही, त्यांनी ट्रॅक्टर लावलाय. चालत असेल तर निरोप धाडतो, नंबर इथं टाकत नाही. आणि शेडच्या दारावरचं ते शिखर माझ्याकडून करून घ्या, इतक्या वर्षांचा अनुभव आहे.